सामाजिक संस्थेला कमी व्याजाचे कर्ज: देणाऱ्याने काय तपासावे, घेणाऱ्याने काय जपावे

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणी, धाराशिवच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेला त्याच आठवड्यात धान्य भरावे लागते, गॅस लागतो, स्वयंपाकाच्या मावशी नेमाव्या लागतात. अनुदान मंजूर असते, आदेश फाईलला लावलेला असतो, पण पैसा खात्यावर पडेपर्यंत पुढचा पावसाळा उजाडतो. मधल्या काळात कार्यवाह घरचे सोने गहाण ठेवतात, कार्यकर्त्यांचे मानधन तुंबते, नाहीतर गावातूनच महिना शेकडा दोन रुपयांनी पैसे उचलले जातात. शेकडा दोन म्हणजे वर्षाला २४ टक्के. १२ लाख रुपये सहा महिने वापरले तर व्याज १,४४,००० रुपये. तीच रक्कम एखाद्या प्रतिष्ठानाने वार्षिक ४ टक्क्यांनी दिली तर २४,०००. मधले १,२०,००० रुपये मुलांच्या ताटातून जातात, म्हणून हा विषय हिशेबनिसावर सोडून चालत नाही.

मोठ्या धर्मादाय प्रतिष्ठानांनी ही पद्धत फार पूर्वी बसवली. अमेरिकेत फोर्ड फाउंडेशनने १९६८ मध्ये अशी कर्जे द्यायला सुरुवात केली आणि १९६९ च्या कर सुधारणा कायद्याने त्याला जागा करून दिली. तिथे खासगी प्रतिष्ठानाला दरवर्षी मालमत्तेच्या साधारण ५ टक्के रक्कम सत्कार्यावर खर्च करावी लागते. कर्जाचा मुख्य हेतू धर्मादाय असेल, नफा मिळवणे हा त्यामागचा मोठा हेतू नसेल आणि पैसा राजकारणात जाणार नसेल, तर ते कर्ज या ५ टक्क्यांत धरले जाते. मुद्दल परत आले की त्या वर्षी तेवढीच रक्कम पुन्हा वाटावी लागते. एकच रुपया दोन-तीन संस्थांच्या कामी येतो.

आपल्याकडे असा सरळ नियम नाही. धर्मादाय कायदा, आयकर, कंपनी कायदा आणि परदेशी देणग्यांचा कायदा या चौघांतून वाट काढावी लागते. ती निघते, पण आधी कर्ज द्यावे की नाही हेच ठरवले पाहिजे.

पहिला प्रश्न: फिटणार कशातून?

कर्ज फक्त वेळेची अडचण सोडवते. पैसा येणार आहे पण उशिरा येणार आहे, किंवा आज घेतलेल्या वस्तूतून पुढे बचत वा कमाई होणार आहे, या दोनच परिस्थितींत ते द्यावे. संस्थेचा दरवर्षीचा खर्चच उत्पन्नापेक्षा जास्त असेल तर ती तूट आहे, आणि तूट देणगीनेच भरते. तुटीवर कर्ज दिले की पुढच्या वर्षी तूट आणि हप्ता असे दोन खड्डे पडतात. मराठवाड्यातल्या संस्थांना उचलीचा, म्हणजे ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेल्या पैशाचा, अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आधीची उचल फिटली नाही म्हणून पुढच्या हंगामाला बांधले गेलेले कुटुंब त्या रोज पाहतात. संस्थेवर ती पाळी आणणारे कर्ज कितीही स्वस्त असले तरी देऊ नये.

म्हणून अर्जात एक वाक्य मागावे: "हे कर्ज अमुक तारखेच्या सुमारास अमुक ठिकाणाहून येणाऱ्या अमुक रकमेतून फिटेल." त्याच्या पुराव्याला मंजुरी आदेश, करार किंवा मागच्या तीन वर्षांची विक्रीची बिले जोडलेली असावीत. "देणगीदार मिळतील" एवढ्यावरच मदार असेल तर तिथेच थांबावे.

किती द्यायचे?

समजा, ६० मुलांचे वसतिगृह नोव्हेंबर ते एप्रिल सहा महिने चालते. एका मुलाचा महिन्याचा खर्च २,५०० रुपये धरला तर महिन्याला दीड लाख, हंगामाला ९ लाख. संस्थेकडे शिल्लक दीड लाख. मंजूर अनुदान ८ लाख, ते ऑगस्टमध्ये येईल असा अंदाज. कागदावर कर्जाची गरज साडेसात लाखांची दिसते, आणि इथेच बहुतेकांचे चुकते.

मंजूर रक्कम आणि हातात पडणारी रक्कम एक नसते. तपासणीत सरासरी हजेरी ६० ऐवजी ५२ निघाली तर ८ लाखांचे ६,९३,००० होतात. खोलीचे भाडे आणि मावशींचा पगार मात्र ६० मुलांइतकाच झालेला असतो. त्यामुळे येणे असलेल्या रकमेच्या ७५ ते ८० टक्क्यांहून जास्त कर्ज देऊ नये. इथे ८० टक्के म्हणजे ६,४०,०००. हजेरीची कपात झाली तरी मुद्दल फिटते. पूर्ण ८ लाख दिले असते तर संस्था १,०७,००० रुपयांनी अडकली असती.

बाजार समितीची शेतमाल तारण योजना याच तत्त्वावर चालते. तिथे मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच उचल मिळते, १८० दिवसांसाठी, ६ टक्क्यांनी. भाव पडला तरी झेपावे म्हणून वरचे २५ टक्के सोडलेले असतात. लातूरच्या आडतीवर माल घातलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता हिशेब जुळवू. शिल्लक दीड लाख, कर्ज ६,४०,०००, मिळून ७,९०,०००. खर्च ९ लाख. उरलेले १,१०,००० ही खरी तूट. ती प्रतिष्ठानाने त्याच वेळी देणगी म्हणून द्यावी, किंवा संस्थेने लोकवर्गणीतून आणि धान्याच्या मदतीतून भरावी. कर्ज आणि थोडी देणगी एकत्र देणे हीच बहुतेक वेळा योग्य रचना ठरते. एकट्या कर्जाचा आग्रह धरणारे प्रतिष्ठान ही तूट कार्यकर्त्यांच्या मानधनावर ढकलते.

रक्कम एकदम देऊ नये. पहिले ३ लाख १ नोव्हेंबरला, उरलेले ३,४०,००० जानेवारीच्या सुरुवातीला, पहिल्या दोन महिन्यांची हजेरी आणि खर्चाचा तक्ता पाहून. ४ टक्के सरळ व्याजाने ऑगस्टअखेर पहिल्या टप्प्याचे १०,००० आणि दुसऱ्याचे सुमारे ९,०६७ होतात. एकूण १९,०६७ रुपये.

हे व्याज कोणत्या खात्यातून जाणार, हे संस्थेने आधीच ठरवावे. बहुतेक अनुदानांत व्याज हा मान्य खर्च नसतो. उपयोगिता प्रमाणपत्रात (अनुदान कशावर खर्च झाले याच्या दाखल्यात) तो दाखवला की लेखापरीक्षक वगळतात आणि पुढचा हप्ता अडकतो. व्याज सर्वसाधारण निधीतूनच द्यावे. शिवाय आधी खर्च करून नंतर प्रतिपूर्ती घेण्याची मुभा मंजुरी आदेशात आहे का, हे शब्दशः वाचावे. नसेल तर आलेले अनुदान कर्जफेडीकडे वळवणे म्हणजे निधीचा अन्यत्र वापर ठरतो. मुभा असेल तर प्रत्येक बिल अनुदानाच्या कालावधीतल्या तारखेचे आणि प्रकल्पाच्या नावाचे असावे. कर्जाच्या पैशातून भागवलेली बिले वेगळ्या फाईलला लावावीत.

हप्ता कधी?

बँकेच्या सवयीने दरमहा समान हप्ता लावणे ही सर्वांत मोठी चूक. वसतिगृहाचे कर्ज अनुदान आल्यावर एकाच वेळी फिटते. महिला गटांची डाळ मिल किंवा धान्य खरेदी असेल तर पैसा ऑक्टोबर ते डिसेंबर मालात गुंततो आणि फेब्रुवारी ते एप्रिल विक्रीत मोकळा होतो. हप्ते तिथेच ठेवावेत. सोयाबीन खरेदीत ओलावा १२ टक्क्यांच्या वर असेल तर माल घ्यायचाच नाही, ही अट करारात घालावी. ओला माल गोदामात वजनाने घटतो, बुरशी धरतो, आणि कर्ज बुडण्याची सुरुवात तिथून होते. ओलावा मोजायचे यंत्र घेतले आहे का, हे पहिल्या भेटीतच पाहावे.

इथे एक सावधगिरी. शेतकरी उत्पादक कंपनी ही कायद्याने सभासदांना लाभ देणारी कंपनी आहे, धर्मादाय संस्था नव्हे. धर्मादाय विश्वस्त निधीने तिला थेट कर्ज दिले तर आयकरात प्रश्न उभा राहू शकतो. तो करार सनदी लेखापालांचे लेखी मत घेतल्याशिवाय करू नये.

तीन ते पाच वर्षांचे कर्ज यंत्रसामग्रीसाठी. ग्रामीण रुग्णालयाच्या छपरावर १० किलोवॅटचे सौर पॅनल बसवायचे समजा, खर्च साडेपाच लाख. एका किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट धरले तर महिन्याला १,२०० युनिट. युनिटमागे १० रुपये वाचले तर वर्षाला १,४४,०००. कर्ज ४,४०,०००, मुदत ४ वर्षे, व्याज ३ टक्के. दरवर्षी मुद्दल १,१०,००० आणि पहिल्या वर्षी जास्तीत जास्त १३,२०० व्याज. बचतीतून हप्ता फिटून थोडे उरते. पण मार्च ते मे धूळ बसते, नेमके तेव्हाच गावात टँकर सुरू असतो, पॅनल धुवायला पाणी नसते आणि निर्मिती घसरते. उन्हाळ्यात कोरड्या मऊ पुसणीने स्वच्छता कोण करणार आणि इन्व्हर्टर बिघडला तर पैसा कुठला, हे करारात लिहिले नाही तर तिसऱ्या वर्षी हप्ता थकतो.

परवानग्या, त्याही आधी

महाराष्ट्रातल्या बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात. त्यामुळे दुसऱ्या कायद्याचे कलम ३६ अ (३) त्यांना लागू होते: धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्तांना संस्थेसाठी कर्ज घेता येत नाही, तारण असो वा नसो. "बिनव्याजी आहे, मग परवानगी कशाला" हा गैरसमज फार पसरलेला आहे. कलमात व्याजाचा उल्लेखच नाही. नंतर वाद झाला तर ज्या विश्वस्तांनी सह्या केल्या त्यांच्या मानेवर जबाबदारी येते.

अर्जासोबत विश्वस्त मंडळाचा ठराव, कर्जाचे कारण, रक्कम, दर व मुदत, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, परतफेडीचा तक्ता आणि परिशिष्ट १ चा (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा, ज्यात विश्वस्तांची नावे असतात) उतारा द्यावा. नोव्हेंबरला पैसा हवा असेल तर जूनमध्येच अर्ज करावा.

परिशिष्ट १ वर नावे कोणाची आहेत हे देणाऱ्याने स्वतः पाहावे. नवे विश्वस्त निवडले गेले पण ती नावे नोंदवण्याचा बदल अर्ज वर्षानुवर्षे प्रलंबित आहे, ही स्थिती नेहमीची. कागदावर मयत अध्यक्ष आणि करारावर नव्या अध्यक्षांची सही असेल तर करार कमकुवत होतो. दोन गटांत वाद असेल तर तो मिटेपर्यंत कर्ज देऊ नये. त्या संस्थेचे काम चांगले असेल तर मदत थेट वस्तूरूपाने करावी.

संस्थेची जमीन किंवा इमारत तारण घेण्याच्या भानगडीत पडू नये. स्थावर मालमत्तेच्या विल्हेवाटीवर कलम ३६ चे वेगळे बंधन आहे, आणि शाळेची इमारत लिलावात काढणारे प्रतिष्ठान कोणाला हवे? कार्यवाहांची वैयक्तिक हमीही घेऊ नये. ती घेतली की संस्थेची अडचण एका घरावर जाते, आणि पुढच्या पिढीतला कोणी ते पद घ्यायला तयार होत नाही.

आता देणाऱ्याची बाजू. प्रतिष्ठान विश्वस्त निधी असेल तर कर्ज देणे ही उद्देशपूर्ती की गुंतवणूक, हे ठरावात स्पष्ट लिहावे. गुंतवणूक ठरली तर १९५० च्या कायद्याचे कलम ३५ आड येते, कारण निधी कुठे ठेवायचा याची यादी तिथे ठरलेली आहे आणि यादीबाहेर जायला धर्मादाय आयुक्तांचा आदेश लागतो. समान उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेला दिलेले बिनव्याजी कर्ज आयकराच्या अर्थाने गुंतवणूक किंवा ठेव नव्हे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटले आहे. तो आधार आहे, पण ठरावात उद्देशाची सांगड नसेल तर टिकत नाही. देणाऱ्या निधीचा विश्वस्त किंवा त्याचा नातेवाईक घेणाऱ्या संस्थेत असेल तर हा व्यवहार टाळावा, कारण हितसंबंधितांना पुरेशा तारणाविना किंवा व्याजाविना दिलेल्या कर्जामुळे करसवलत धोक्यात येते.

प्रतिष्ठान कलम ८ ची कंपनी (नफा न वाटणारी, सेवाभावी कंपनी) असेल तर कंपनी कायदा २०१३ चे कलम १८६ (७) पाहावे. कर्जाच्या मुदतीच्या जवळच्या सरकारी रोख्यांवरील परताव्यापेक्षा कमी दराने कंपनीला कर्ज देता येत नाही. अलीकडच्या वर्षांत हा परतावा साधारण ६-७ टक्क्यांच्या आसपास राहिला आहे, म्हणजे ३-४ टक्क्यांचा बेत इथे बसत नाही. अशा वेळी परतीच्या अनुदानाचा मार्ग वापरतात: पैसा अनुदान म्हणूनच जातो, व्याज नसते, आणि परतफेड कायद्यापेक्षा नैतिक बांधिलकीवर उभी असते. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, संहिता-कलेक्टिव्ह गुड फाउंडेशनच्या 'रिव्हाइव्ह' उपक्रमाने असंघटित कामगारांसाठी आणि छोट्या व्यावसायिकांसाठी हीच पद्धत वापरली. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायच्या, पैशालाही हीच रीत बरी. तो कंपनीच्या दृष्टीने खर्च असतो, परत आलेला पैसा कंपनीकडे न जाता राबवणाऱ्या संस्थेकडे त्याच कामात फिरता राहावा.

परदेशी देणगीचा पैसा मात्र या सगळ्यातून बाहेर ठेवावा. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए कायद्याच्या कलम ७ नुसार तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही.

आयकरातले तीन खाचखळगे

करसवलतीसाठी संस्थेला उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्देशांवर खर्च करावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीपासून कर्जातून केलेला खर्च या ८५ टक्क्यांत धरला जात नाही. संस्था स्वतःच्या उत्पन्नातून कर्ज फेडते त्या वर्षी तो धरला जातो, आणि २०२३ च्या दुरुस्तीने त्यालाही ५ वर्षांची मर्यादा घातली. म्हणून यंत्रसामग्रीचे कर्ज सात-आठ वर्षे लांबवू नये. वसतिगृहाच्या उदाहरणात खर्च एका आर्थिक वर्षात आणि परतफेड पुढच्यात पडते, तेव्हा दोन्ही वर्षांचे ८५ टक्के सनदी लेखापालांकडून आधीच मांडून घ्यावेत.

दुसरे, २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीत घेता येत नाही आणि रोखीत फेडताही येत नाही. दंड तेवढ्याच रकमेचा. तिसरे, वर्षाचे व्याज १०,००० रुपयांच्या वर गेले तर घेणाऱ्या संस्थेला १० टक्के टीडीएस (व्याज देतानाच कापायचा कर) कापून भरावा लागतो. छोट्या संस्था हे हमखास विसरतात. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुना मसुदा जसाच्या तसा उचलू नये.

जमाखर्चातली चूकही इथेच सांगायला हवी: कर्ज किंवा परतीचे अनुदान उत्पन्न-खर्च पत्रकात जमा धरू नये. ते ताळेबंदात देणे म्हणून दिसले पाहिजे. उत्पन्नात गेले की ८५ टक्क्यांचे गणित फुगते आणि परतफेडीच्या वर्षी खोटी तूट दिसते.

करार आणि त्यानंतर

दर ३ ते ४ टक्के ठेवावा, घटत्या शिलकीवर. शून्य व्याज ऐकायला छान वाटते, पण चार देणी समोर असतील तेव्हा बिनव्याजी देणे सर्वांत शेवटी फेडले जाते. थोडे व्याज तारीख लक्षात ठेवते आणि बुडीत रकमेची तरतूदही त्यातून होते. नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रतिष्ठानाने पहिल्या वर्षी एकूण वार्षिक मदतीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त रक्कम कर्जात घालू नये. एका संस्थेला त्यातला पाव हिस्सा पुरे, आणि १० टक्के रक्कम बुडेल असे धरूनच चालावे.

करारात परतफेडीची घटना आणि शेवटची तारीख दोन्ही लिहावीत: अनुदान जमा झाल्यापासून १५ दिवसांत, आणि कोणत्याही परिस्थितीत ३१ ऑगस्टपर्यंत. उशीर संस्थेमुळे झालेला नाही असे संबंधित कार्यालयाचे पत्र असेल तर ९० दिवसांची एक मुदतवाढ, जादा व्याजाशिवाय. शासकीय अनुदान ठरलेल्या खात्यातच येते, ते खाते बदलून मिळत नाही. म्हणून त्या खात्याचे विवरण दरमहा मागावे, एवढे पुरते. पाचशेच्या बाँडवर लिहिले म्हणजे झाले असे नाही. मुद्रांक रकमेवर व तारणावर ठरतो, तो वकिलाकडून काढून घ्यावा.

कर्ज दिल्यावर दरमहा तीनच आकडे मागावेत: बँक शिल्लक, किती महिन्यांचे मानधन थकले आहे, आणि येणे रकमेची फाईल कोणत्या टेबलावर आहे. मानधन दोन महिने थकले की हप्ता चुकणार हे जवळपास नक्की, तारीख उजाडण्याची वाट पाहू नये. शेवटच्या तारखेच्या ६० दिवस आधी प्रत्यक्ष भेट द्यावी आणि फाईल अडली असेल तर प्रतिष्ठानाने स्वतः त्या कार्यालयात पाठपुरावा करावा. मोठ्या नावाच्या एका पत्राने महिनाभर पडून राहिलेले बिल सरकते, आणि ही मदत कर्जाइतकीच मोलाची असते.

दुष्काळ, गारपीट किंवा अनुदानच रद्द होणे अशा कारणाने पैसा खरोखर आला नाही तर काय, हेही कर्ज देतानाच ठरवावे. हप्ते एकदा पुन्हा बांधावेत. तरीही जमले नाही तर विश्वस्तांच्या ठरावाने उरलेली रक्कम सोडून द्यावी. सोडलेली रक्कम घेणाऱ्या संस्थेच्या हिशेबात कशी दाखवायची, हे दोन्ही बाजूंच्या सनदी लेखापालांनी एकत्र बसून ठरवावे, नाहीतर एकीकडे बुडीत आणि दुसरीकडे देणे असा वर्षानुवर्षे न जुळणारा ताळेबंद राहतो.

कर्ज फिटले की आठ दिवसांत बेबाकीचे पत्र द्यावे, घेतलेले पुढच्या तारखांचे चेक परत करावेत आणि परवानगी देणाऱ्या धर्मादाय कार्यालयाला परतफेड पूर्ण झाल्याचे कळवावे. पुढच्या जूनमध्ये संस्था नवा अर्ज घेऊन तिथे जाईल तेव्हा सर्वांत आधी हेच पत्र मागितले जाते.